‘आम्रपाली’ (१९६६) चित्रपटातील केशभूषा आणि अजिंठ्याचा आधार : एक चिकित्सा

प्रस्तावना :

गतकाळातील केशरचना पुन्हा साकारणे हा रंगभूमी, नृत्य आणि चित्रपट या तिन्ही माध्यमांच्या नेहमीच्या व्यवहाराचा भाग आहे. वेशभूषेची चर्चा जेवढी होते तेवढी केशभूषेची मात्र होत नाही. वस्तुतः प्रेक्षकाच्या मनात एखाद्या काळाची प्रतिमा उभी करण्यात केशभूषेचा वाटा मोठा असतो. या दृष्टीने लेख टंडन दिग्दर्शित ‘आम्रपाली’ हा हिंदी चित्रपट अभ्यसनीय आहे. वैशालीची नगरवधू आम्रपाली आणि मगधनरेश अजातशत्रू यांच्या कथेवरील या चित्रपटाची वेशभूषा मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी केली. त्यासाठी त्यांनी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांतील चित्रांचा आधार घेतला. अथैया या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थिनी. याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या होत्या. पडद्यावरील वैजयंतीमालेच्या रूपामागे अशी जुनी परंपरा आहे. या पुनर्निर्मितीने अजिंठ्यातून काय घेतले आणि काय मागे ठेवले, याचा विचार येथे केला आहे.

एकाच स्थळी दोन कालखंड :

अजातशत्रू हा बुद्धाचा समकालीन. म्हणजे कथेचा काळ स्थूलमानाने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकाचा आहे. अजिंठ्यातील क्रमांक १, २, १६ व १७ या लेण्यांमधील प्रसिद्ध चित्रे मात्र वाकाटककालीन, इसवी सनाच्या पाचव्या शतकातील मानली जातात. लेणे १६ मधील शिलालेखात वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याचे नाव आहे. कथा आणि तिचा दृश्य आधार यांत अशा रीतीने सुमारे हजार वर्षांचे अंतर पडते.

येथे केवळ कालविपर्यासाचा दोष दाखवून थांबणे योग्य नाही. चित्रपट हा इतिहासग्रंथ नव्हे, ही सवलत मान्य करावी लागते. परंतु अजिंठ्यातच लेणे ९ व १० मध्ये इसवी सनापूर्वीच्या काळातील चित्रांचे अवशेष आहेत. त्यांतील पुरुषांचे केस वस्त्राच्या पट्ट्यांसह गुंडाळून डोक्यावर गाठीसारखे बांधलेले दिसतात. सांचीच्या शिल्पांशी जवळीक साधणारी ही शिरोभूषा वाकाटककालीन मुकुटांहून आणि मोकळ्या कुरळ्या बटांहून स्पष्टपणे वेगळी आहे. कथेच्या काळाला तुलनेने जवळचा असलेला हा पुरावा मागे राहिला आणि अधिक नयनरम्य असलेला उत्तरकालीन पुरावा पुढे आला. परिणामी ‘अजिंठा शैली’ ही एकच आणि अखंड गोष्ट आहे असा समज दृढ झाला. डॉ. म. के. ढवळीकर यांनी १९७३ साली अजिंठ्याचा सांस्कृतिक अभ्यास ग्रंथरूपाने सिद्ध केला, तरी रंगमंचावरील व्यवहारात हा समज फारसा बदललेला दिसत नाही.

केशरचनेमागील श्रम :

लेणे १७ मधील प्रसाधनाचे दृश्य सुपरिचित आहे. हातात आरसा घेतलेली राजस्त्री मध्यभागी आहे आणि तिच्या सेवेसाठी दासी उभ्या आहेत. हे चित्र सौंदर्याचे आहे, तसेच श्रमविभागणीचेही आहे. अशा केशरचना स्वतःच्या हातांनी होण्यासारख्या नव्हत्या. त्यांना दुसऱ्याचे हात, पुरेसा वेळ आणि फुलांचा व अलंकारांचा पुरवठा लागत असे. केशरचनेवरून प्रतिष्ठा कळते ती याच कारणाने. पुनर्निर्मितीत राणीचा अंबाडा उचलला जातो, दासीचे हात मात्र चित्राबाहेर राहतात. समूहनृत्यात सर्व नर्तिकांना एकसारखी केशभूषा दिली की अजिंठ्याच्या चित्रकाराने दाखवलेले हे सामाजिक भेद पुसले जातात.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. भित्तिचित्रातील आकृतीची बहुधा एकच बाजू दिसते. वेरूळच्या शिल्पांत केशसंभाराला घनता मिळते, पण तेथेही मागची बाजू खडकातच असते. गाठ कोठे मारली, आधार कशाचा दिला, गंगावन जोडले होते काय, हे सारे कल्पनेने भरावे लागते. ही भर घालणे अपरिहार्य आहे, पण ती भर आहे याचे भान सुटता कामा नये.

चित्रपटाचा स्वतःचा काळ :

रिकाम्या जागा भरताना निर्माता नकळत स्वतःच्या काळाकडे वळतो. १९६०च्या दशकात हिंदी चित्रपटसृष्टीत फुगवलेल्या, उंच अंबाड्यांचे प्राबल्य होते. ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) पासून साधनाच्या कपाळावरील बटांचे अनुकरण घरोघर होऊ लागले होते. आम्रपालीचा उंच, रेखीव केशबंध पाहताना पाचव्या शतकाबरोबर हे दशकही डोळ्यांसमोर येते. आज साठच्या दशकातील केशरचना म्हणून जेव्हा या रूपाचे अनुकरण होते, तेव्हा ती अनुकरणाचीच अनुकृती ठरते.

थेरीगाथेतील अंबपाली :

सर्वांत महत्त्वाची उणीव अर्थाच्या पातळीवरची आहे. पाली ‘थेरीगाथे’त वृद्ध भिक्षुणी झालेल्या अंबपालीच्या नावावर १९ गाथा आहेत आणि त्यांतील पहिल्या ४ केवळ केसांविषयी आहेत. एकेकाळचा केसांचा काळेपणा, सुगंध, दाटपणा आणि सुवर्णालंकारांनी सजलेली वेणी यांचे स्मरण करून ती प्रत्येक वेळी आजच्या जीर्ण अवस्थेकडे येते. येथे केशरचना अनित्यतेचे पहिले प्रमाण ठरते. अजिंठ्यातही हाच ताण आहे. लेणे १६ मध्ये नंदाच्या प्रव्रज्येची कथा चित्रित आहे, आणि त्या कथेत नंदाचे मुंडन हा निर्णायक क्षण आहे. अलंकृत केशसंभाराची ही चित्रे ज्या विहारांत रंगवली गेली, तेथे राहणारे भिक्षू मुंडित होते. अंबाडा आणि मुंडन यांचा अर्थ परस्परांच्या सान्निध्यातच कळतो. चित्रपटाची नायिका अखेरीस बुद्धाला शरण जाते, परंतु लोकस्मृतीत राहिली ती तिची शृंगारित प्रतिमा.

निष्कर्ष :

‘आम्रपाली’ने पौराणिक चित्रपटांच्या साचेबद्ध वेशभूषेऐवजी भारतीय कलेतील प्रत्यक्ष पुराव्याकडे लक्ष वेधले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तिची मर्यादा अशी की केशरचना अलंकार म्हणून घेतली गेली, तिच्यातील काळ, श्रम आणि वैराग्य यांची खूण सुटली. महाविद्यालयीन नाट्य-नृत्य उपक्रमांत अजिंठ्याचा आधार घेताना लेण्याचा क्रमांक, दृश्य, व्यक्तिरेखेचा दर्जा आणि कल्पनेने घातलेली भर यांची नोंद ठेवल्यास ही मर्यादा बरीच ओलांडता येईल. अंबपालीने आपल्या केसांत सरलेला काळ पाहिला. तिची केशरचना साकारणाऱ्यांनी तो काळ दिसू द्यावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.