कोंडुरा कुठल्या कप्प्यात?

'तुंबाड' (२०१८) गाजल्यापासून कोकणात कुठेही अंधार दिसला की त्यावर 'फोक हॉरर'चा शिक्का मारायची घाई सुरू झाली आहे. सप्टेंबर २०२५मध्ये सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' आला आणि लगेच 'मराठीतला कांतारा' ठरला. नव्या सिनेमाचं नशीबच तसं, पोस्टरवर काहीतरी छापावं लागतं. पण आता ही घाई उलट्या पावली चालत जुन्या पुस्तकांपर्यंत पोहोचली आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' त्याच रांगेत बसवलेली पाहिली आणि वेंगुर्लेकराला यावा तेवढा राग आला.

हा राग नुसत्या अभिमानाचा नाही. विकिडेटासारखा कोश २०१२पासून चालू आहे. कुणीही यावं, नोंद भरावी, दुसऱ्याने ती सुधारावी, असा त्याचा कारभार. कादंबरीची नोंद वेगळी, सिनेमाची वेगळी, दोहोंना जोडणारा 'यावर आधारित' हा दुवा वेगळा. 'प्रकार' हा रकाना मात्र पुस्तक असो की चित्रपट, एकच. शोधयंत्रं आणि फोनमधले बोलके मदतनीस अशा कोशांतून माहिती उचलतात. म्हणजे कुणीतरी फावल्या दुपारी भरलेला एक शब्द दहा ठिकाणी जाऊन बसतो, आणि पुढचा वाचक पुस्तक उघडतो तो त्या शब्दाच्या चष्म्यातून.

'फोक हॉरर' ही मूळची ब्रिटिश सिनेमाची मिरास. 'द विकर मॅन' (१९७३) हा तिचा मानदंड. एक पोलीस अधिकारी बेटावर येतो आणि तिथल्या लोकांची श्रद्धा त्याच्या जिवावर उठते. भय कुणाला? बाहेरून आलेल्याला. 'कोंडुरा'त (१९६६) हा बाहेरचा माणूसच नाही. घर सोडून निघालेला, कोंडुरास्वामीकडून वर आणि त्याबरोबर ब्रह्मचर्याची अट घेऊन परतलेला नायक याच मातीतला. कोंडुरा नावाचा किनारा वेंगुर्ले तालुक्यातच आहे. तिथे कुणी सिद्धपुरुष भेटला, या बातमीने इथला वाचक दचकत नाही. तो दचकतो ते आपल्याला निवडलं गेलं आहे असं एकदा पटलेला माणूस पुढे काय काय करील, या विचाराने. वर खरंच मिळाला की त्याने तो मनानेच घेतला, हे खानोलकर ठाम सांगत नाहीत. सगळी कादंबरी त्या न सांगण्यावर उभी आहे. तिला 'भय' म्हणा किंवा 'अद्भुत' म्हणा, तुम्ही लेखकाच्या वतीने उत्तर देऊन मोकळे होता.

श्याम बेनेगलांनी १९७८मध्ये तिचा सिनेमा केला तेव्हा कथा आंध्रातल्या गावात गेली आणि तेलुगूत 'अनुग्रहम' झाली. तिथे काय घडतं पाहा. कागदावर स्वामी आहे की नाही अशी शंका जिवंत ठेवता येते. पडद्यावर अमरीश पुरी देहासकट, आवाजासकट उभे राहिले की ती शंका ठेवायची कुठे? ती सरकते आणि जमीनदाराच्या वाड्यात जाते. या दृष्टान्ताचा, या देवळाचा फायदा कुणाला, असा प्रश्न सिनेमा विचारू लागतो. गोष्ट तीच, जातकुळी बदलली. कादंबरीच्या रकान्यातला शब्द सिनेमाच्या रकान्यात उतरवला, किंवा उलट केलं, तर नेमकं हेच बदलणं पुसलं जातं. आणि उतरवतात तर सर्रास.

वेंगुर्ले तालुक्यातल्याच आरवलीच्या जयवंत दळवींचं उदाहरण आणखी झणझणीत आहे. 'अंधाराच्या पारंब्या' ही कादंबरी, तिचं 'बॅरिस्टर' हे नाटक (१९७७), आणि 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपट (१९८६). नाटक आणि चित्रपट दोन्ही विजया मेहतांनी बसवलेले. रंगभूमीवर वेडाची टांगती तलवार घेऊन फिरणारा एक माणूस जिंकून जातो. पडद्यावर त्याच्याइतकीच, किंबहुना जास्त, विधवेची कोंडी लक्षात राहते. त्यांच्या 'महानंदा' कादंबरीचं तर शं. ना. नवऱ्यांनी 'गुंतता हृदय हे' हे नाटक केलं. मुंबईच्या झोपडपट्टीवरच्या 'चक्र'चा (१९६३) रवींद्र धर्मराजांनी सिनेमा केला आणि तो १९८१मध्ये लोकार्नोचं पहिलं पारितोषिक घेऊन आला. एका लेखकाच्या तीन कृती इतक्या वाटांनी फिरल्या, आणि कोशात त्यांच्यासमोर काय लिहायचं? 'ड्रामा'. ज्याला दुसरं काही म्हणता येत नाही त्याला ड्रामा म्हणतात. 'सामाजिक' आणि 'कौटुंबिक' हे आपले घरचे शब्दही त्याच लायकीचे. ओटीटीवाल्यांच्या 'हळवं', 'उत्कंठावर्धक' वगैरे विशेषणांबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून माझं म्हणणं, 'यावर आधारित' हा दुवा आधी भरा, तो पूर्ण भरा, आणि प्रकाराचा शब्द शेवटी. कृती कुठून निघाली, वाटेत नाटक झाली की सिनेमा, कोणत्या भाषेत शिरली, हे तपासून सांगता येतं. प्रकार हे मत आहे. विकिडेटात प्रत्येक विधानाला आधार जोडायची सोय आहे. मग 'हा भयपट' हे विधान कुणाच्या भरवशावर केलं, ते तिथेच दिसू द्या. समीक्षकाचं नाव लिहा, परीक्षण जोडा. आधार नसेल तर रकाना रिकामा ठेवा, त्याने आभाळ कोसळत नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: जगाला कळेल असा शब्द नको का? जगाला कळावं म्हणून आपल्याला कळलेलं टाकून द्यायचं, हा न्याय मला मान्य नाही. धारपांची भयकथा आणि मतकऱ्यांची गूढकथा एक नव्हे, हे मराठी वाचकाला कुणी शिकवावं लागत नाही. गूढकथेची स्वतंत्र नोंद हवी. 'हॉरर'च्या खाली मराठी लेबल म्हणून ती डकवली की संपलं. आणि गूढकथा एकटी नाही. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ शिकवणाऱ्या आणि त्याच काळात 'छाया'सारख्या (१९३६) चित्रपटाची कथा लिहिणाऱ्या वि. स. खांडेकरांनी रूपककथा रुजवली. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या पाडगावकरांनी 'बोलगाणी' हे नावच दिलं. कवीने स्वतः बारसं केलेल्या कवितेला 'कविता' एवढंच म्हणून पुढे जाणारा कोश आळशी आहे.

आणि ज्यांना पुस्तकी नावांचा कंटाळा आहे त्यांनी जत्रेच्या दिवसांत दशावताराचं हँडबिल वाचावं. 'संयुक्त दशावतार' म्हटलं की निरनिराळ्या मंडळांतले नावाजलेले कलाकार एका रात्री एकत्र. 'ट्रिकसीनयुक्त' म्हटलं की धूर, दिवे, अधांतरी देव. आख्यान पौराणिक की काल्पनिक, तेही छापलेलं. संवाद लिहिलेले नसतात, गणपती आणि संकासुर होऊन गेल्यावर आख्यान उभं राहतं ते नटाच्या जिभेवर. असं असूनही प्रेक्षकाला कुठल्या खेळाला बसतोय ते नेमकं ठाऊक असतं. ट्रिकसीनने दशावतार बाटला म्हणणारे म्हातारे आणि त्याशिवाय गर्दी जमत नाही म्हणणारे मंडळवाले यांचा वाद हा प्रकारांचाच वाद आहे, आणि तो विद्यापीठातल्या कुठल्याही चर्चासत्रापेक्षा चोख चालतो.

'फँटसी' हा शब्द या भागातल्या कृतींना लावणाऱ्यांनी एकदा आरवलीला जावं. तिथल्या वेतोबा या देवाला मोठाल्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्यांचे तळ झिजतात, असं मानतात. त्या वहाणांचं माप असतं, चामडं असतं, शिवणाऱ्याला पैसे मोजलेले असतात. दळवी या गावचे. त्यांचा यावर विश्वास होता की नव्हता हा वेगळा प्रश्न, पण त्यांच्या कथेत असा देव आला तर तो कल्पनेच्या राज्यातून येत नाही, शेजारून येतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याने खुशाल 'फँटसी' भरावं, आणि ज्याला ठाऊक आहे त्याने ते खोडावं. खोडायची मुभा दोघांनाही सारखीच आहे. मराठी माणसं विकिडेटावर जातात ती मात्र आलेल्या इंग्रजी यादीचं भाषांतर करायला, आणि तेवढं झालं की काम केल्याच्या समाधानाने परततात.