आशेचा कर्ता कोण? : कर्करोगविषयक लेखनातील एक प्रश्न

घरातील दुखण्याची हकीकत सांगताना मराठीत ‘डॉक्टरांनी आशा सोडली’ असे म्हटले जाते. या वाक्याचा व्याकरणिक कर्ता डॉक्टर आहे. ज्याच्या देहाविषयी ही आशा, तो रुग्ण वाक्यात कोठेही नाही. उलट वृत्तपत्रीय मृत्युवार्तेत ‘कर्करोगाशी त्यांनी दिलेली झुंज अखेर अपयशी ठरली’ असे छापून येते, तेव्हा कर्तृत्व आणि त्याबरोबर अपयशही एकाएकी मृताच्या पदरी टाकले जाते. जिवंतपणी आशेवर ज्याचा अधिकार गृहीत धरला गेला नाही, तो मरणोत्तर पराभवाचा मात्र धनी ठरतो.

या दोन वाक्यांतील विसंगती केवळ भाषिक नाही. कर्करोगाविषयीच्या साहित्याची समीक्षाही बहुधा याच विसंगतीत अडकलेली दिसते. आशा हा पात्राचा किंवा आत्मचरित्रकाराचा मनोधर्म आहे, असे धरून ‘जिद्द’, ‘मनोबल’, ‘जीवनेच्छा’ या शब्दांत तिचे मूल्यमापन होते. परंतु या विषयावरील महत्त्वाच्या संहिता बारकाईने वाचल्या तर वेगळे चित्र समोर येते. त्यांत आशा रुग्णाच्या अंतरंगात तयार होऊन बाहेर पडत नाही. कोणाला काय सांगितले जाते, कोणाला काय वाचता येते आणि जगण्याची किंमत कोण ठरवतो, या व्यवहारांतून ती घडत जाते.

अलेक्झांडर सोल्झेनित्सिनची ‘कॅन्सर वॉर्ड’ ही कादंबरी या दृष्टीने पुनर्वाचनास पात्र आहे. स्वतः सोल्झेनित्सिन हद्दपारीत असताना 1954 साली ताश्कंदच्या रुग्णालयात उपचार घेत होता. कादंबरीचा काळ 1955 चा आहे. ती 1968 मध्ये परदेशात प्रसिद्ध झाली, सोव्हिएत वाचकाला मात्र ती अधिकृतपणे मिळण्यास 1990 साल उजाडावे लागले. तिचे वाचन बहुधा राजकीय रूपक म्हणून झाले आहे : गाठ म्हणजे राज्यव्यवस्था, वॉर्ड म्हणजे देश. हे वाचन चुकीचे नाही, पण ते फार लवकर समाधान पावते. वॉर्डातील माणसे आधी रुग्ण आहेत आणि त्यांच्या आशेचे तपशील रूपकाच्या चौकटीत मावत नाहीत.

प्रोश्काचाच प्रसंग घ्यावा. हा उमदा तरुण कामगार रुग्णालयातून सुटी मिळाल्याच्या आनंदात आहे. शस्त्रक्रियेची गरज उरली नाही, असा त्याने अर्थ लावला आहे. त्याच्या कागदावर लॅटिनमध्ये निदान लिहिलेले आहे : हृदयातील गाठ, शस्त्रक्रियेस अयोग्य. त्याचा अर्थ तो नायक कोस्तोग्लोतोव्हला विचारतो. कोस्तोग्लोतोव्हला अर्थ कळतो आणि तो सांगत नाही. या प्रसंगात प्रोश्काची आशा एका अपरिचित भाषेवर उभी आहे. ज्याला वाचता येत नाही त्याची आशा शाबूत राहते, ज्याला वाचता येते तो तिचा नाइलाजाने राखणदार बनतो. विशेष म्हणजे रुग्णाला सत्य जाणण्याचा अधिकार आहे, असे डॉक्टरांशी भांडून सांगणारा माणूसही हाच कोस्तोग्लोतोव्ह आहे. स्वतःसाठी तो जे मागतो ते दुसऱ्याला देऊ शकत नाही. लेखकाने या विसंगतीवर भाष्य केलेले नाही, हे त्याचे सामर्थ्य होय.

‘चागा’ या बर्च वृक्षावरील बुरशीचा प्रसंग याच्या उलट दिशेने जातो. मॉस्कोजवळील एका परगण्यातील डॉक्टरला असे आढळते, की पैसे वाचवण्यासाठी चहाऐवजी चागा उकळून पिणाऱ्या शेतकऱ्यांत कर्करोग दिसत नाही. कोस्तोग्लोतोव्ह ही वार्ता सांगू लागताच सारा वॉर्ड जागा होतो. पुरावा कोणता, हा प्रश्न मागे पडतो आणि चागा कोठे मिळेल, कोणाला लिहावे, याची विचारपूस सुरू होते. निदानाची लॅटिन भाषा ज्यांना बाहेर ठेवते, त्यांना चागाची कथा आत घेते. त्या कथेत शेतकरी आहेत, चहा आहे, जंगल आहे, म्हणजे रुग्णाला स्वतः काही करता येईल असे जग आहे. येथे आशेला विषय मिळण्याआधी क्रियापद मिळते. अशा आशेला अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. वैद्यकीय दृष्ट्या तसे करणे योग्यही ठरेल, परंतु तेवढ्याने त्या रात्रीचा वॉर्ड कळत नाही.

कादंबरीतील सर्वांत कठोर प्रश्न मात्र किमतीचा आहे. संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी गाठ आटोक्यात येईल, पण पौरुष जाईल, हे कोस्तोग्लोतोव्हला परिचारिका झोयाकडून कळते. दोन्त्सोवासारख्या कर्तव्यनिष्ठ डॉक्टरच्या लेखी प्राण वाचवणे हेच अंतिम मूल्य आहे. कोस्तोग्लोतोव्हच्या लेखी तुरुंग, हद्दपारी आणि रोग यांनंतर उरलेल्या आयुष्याला काही चव असणे हीच आशा आहे. दोघेही आशावादीच आहेत, पण ‘आशा’ या शब्दाने दोघांना एकच वस्तू अभिप्रेत नाही. पुढे दोन्त्सोवा स्वतःच रोगाने ग्रस्त होते. आयुष्यभर इतरांच्या क्ष-किरण पट्ट्या वाचणारी ही स्त्री स्वतःविषयी तपशील जाणून घेणे टाळते, तेव्हा आशेचा प्रश्न ज्ञान-अज्ञानाच्या सोप्या विरोधातून निसटतो.

ज्ञानामुळेच आशा कशी घडते याचे उदाहरण जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड याच्या लेखनात आढळते. 1982 च्या जुलैमध्ये उदरपोकळीच्या आवरणाचा मेसोथेलिओमा झाल्याचे त्याला कळले. वाचण्याजोगे विशेष काही नाही, असे डॉक्टरने सांगूनही त्याने ग्रंथालय गाठले. निदानानंतरच्या आयुर्मानाचा मध्यक आठ महिने, हा आकडा त्याला तेथे सापडला. 1985 च्या प्रसिद्ध निबंधात त्याने हा आकडा कसा वाचावा हे सांगितले आहे. मध्यक म्हणजे भविष्यवाणी नव्हे. अर्धे रुग्ण त्या मुदतीपलीकडे जगतात, आणि वितरणाचा आलेख उजवीकडे लांबट शेपटीसारखा पसरतो. आपण त्या शेपटीत असण्याची कारणे तो वय, निदानाची वेळ आणि उपचारांचा दर्जा यांत शोधतो. प्रोश्काला लॅटिन येत नाही म्हणून आशा टिकते, गूल्डला संख्याशास्त्र येते म्हणून ती निर्माण होते. मात्र हे कौशल्य, ते ग्रंथालय, ते उपचार सर्वांच्या वाट्याला येत नाहीत. निबंधात गूल्ड मनोवृत्तीचेही माहात्म्य सांगतो, आणि नेमक्या त्या ठिकाणी त्याचा युक्तिवाद सैल पडतो. 2002 मध्ये तो निवर्तला तो वेगळ्या कर्करोगाने, पहिल्या निदानानंतर वीस वर्षांनी.

मनोवृत्तीच्या या माहात्म्याला सुसान सोन्टॅगने 1978 च्या ‘इलनेस ॲज मेटाफर’ मध्ये तीव्र विरोध केला. दडपलेल्या भावनांतून कर्करोग होतो, ही कल्पना रुग्णालाच अपराधी ठरवते, असे तिचे प्रतिपादन आहे. ते पुस्तक लिहिणारी व्यक्ती स्वतः या रोगाच्या उपचारांतून गेलेली आहे, हे त्यात कोठेही सांगितलेले नाही. या मौनाचा अर्थ संकोच असा लावणे उचित नव्हे. अनुभवकथन केले की वाचक पुन्हा जिद्दीच्या कथेत शिरेल, हा धोका तिने ओळखला असावा. ऑड्रे लॉर्डने ‘द कॅन्सर जर्नल्स’ (1980) मध्ये नेमका उलटा मार्ग पत्करला. स्तन काढल्यानंतर कृत्रिम स्तन न लावता ती शल्यविशारदाच्या दवाखान्यात गेली, तेव्हा त्यामुळे तेथील मनोधैर्य खालावते असे परिचारिकेने तिला सुनावले. मनोधैर्य कोणाचे, हा प्रश्न लॉर्ड विचारते. मोशे दायानच्या डोळ्यावरील पट्टी कोणाला खुपत नाही, मग स्त्रीच्या छातीवरील व्रण का खुपावा? इतरांना दिलासा मिळावा म्हणून रुग्णाने आशावादी दिसायचे, ही अपेक्षा या प्रसंगात उघडी पडते. कृष्णवर्णीय, समलिंगी स्त्री म्हणून आपल्यासारखे कोणी त्या रुग्णालयात भेटावे, ही लॉर्डची साधी इच्छा मनोबलाच्या कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक बोलकी आहे.

रुग्णकथांचे पुनःस्थापना, अनागोंदी आणि शोध असे वर्गीकरण आर्थर फ्रँकने 1995 मध्ये केले. अध्यापनाला ते सोयीचे आहे. एकाच कथनात तिन्ही प्रकार येरझारा घालतात हे तो स्वतःच मान्य करतो, त्यामुळे त्यावर येथे अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

अधिक विचार करण्याजोगे आहे ते सोन्टॅगच्या मुलाचे, डेव्हिड रीफचे, 2008 मधील पुस्तक. 2004 मध्ये सोन्टॅगला रक्ताच्या घातक विकाराने गाठले. मज्जारोपण झाले, ते फसले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचा मृत्यू झाला. रोगाभोवतीची रूपके दूर सारून वास्तव पाहा असे सांगणाऱ्या या विदुषीला शेवटच्या महिन्यांत आपण मरणार हे ऐकायचे नव्हते. तिला जगायचे होते, आणि भोवतीच्या माणसांकडून तिला तशीच वाक्ये हवी होती. रीफने ती पुरवली. येथे आशेचा कर्ता ना डॉक्टर आहे ना केवळ रुग्ण. खाटेशेजारी बसलेला मुलगा, स्वतःला जे पटत नाही ते आईच्या वतीने बोलून, ती वाक्यावाक्याने घडवतो. हे योग्य झाले की नाही, याचा निर्णय त्याला पुस्तकभर करता येत नाही. आईला मृत्यू मान्य नसल्याने तिचा निरोप घेण्याचे शब्द त्याला उच्चारताच आले नाहीत, एवढे तो नमूद करतो.