गौरवाच्या वेषातील खोटी साक्ष

बालाघाट जिल्ह्यातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनास काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक पाहुणा म्हणून उपस्थित होता. कार्यक्रमपत्रिकेत ‘आदिवासी नृत्य’ असे एक शीर्षक होते. दिवे मंद झाले, ढोल वाजू लागला आणि दहाबारा मुले अंगाला काजळी फासून, कमरेला झाडाचा पाला गुंडाळून व हाती पुठ्ठ्याचे भाले घेऊन रंगमंचावर उड्या मारू लागली. मुखाने अर्थहीन आरोळ्या चालू होत्या. सभागृह हसून लोटपोट झाले. तिसऱ्या रांगेत वसतिगृहातील मुले बसली होती. त्यांत गोंड होते, दोघेतिघे बैगाही होते. काही हसले. एक मुलगा शेवटपर्यंत मान खाली घालून बसला. नृत्य बसविणाऱ्या शिक्षकांच्या मनात काही वाईट होते असे मुळीच नाही. आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी वारशाला हे वंदन आहे, असे त्यांनी प्रास्ताविकात मनापासून सांगितले होते. त्या वंदनाचेच येथे परीक्षण करावयाचे आहे.

प्रथम कलाकृती म्हणून तिचा विचार करू. करमा नृत्यात स्त्रीपुरुषांच्या रांगा असतात, मांदर वाजतो आणि पावले एका ठेक्यात जमिनीलगत सरकतात. ददरियात गाण्यातून प्रश्न येतो व गाण्यातूनच उत्तर जाते. त्यात थट्टा असते, रुसवा असतो. सैला हा हाती दांडकी घेऊन, पीक घरी आल्यानंतर नाचावयाचा. बैगा स्त्रीच्या कपाळावर, पाठीवर व पायांवर गोंदणाच्या ज्या आकृती असतात त्या तिचा जन्मभराचा अलंकार होत. यांत काजळी कोठेच नाही, पाल्याचा घागरा नाही, अर्थहीन आरोळी तर नाहीच. मग रंगमंचावरील ते ध्यान आले कोठून? ते हिंदी चित्रपटांतून आले, आणि चित्रपटांत ते आफ्रिकेविषयीच्या विलायती चित्रकथांतून आले. म्हणजे बैहरच्या पठारावरील शेजाऱ्याचा गौरव करण्यासाठी आपण परक्यांनी तिसऱ्याच कोणाची केलेली कुचेष्टा उसनी आणली. बैहरचा रस्ता बसने काही तासांचा आहे; तेवढे जाऊन विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही.

या प्रकाराला जगात दुसरीकडेही जोड आहे. दर वर्षी 17 मार्चला संत पॅट्रिकचा दिवस येतो, आणि अमेरिकेतील शहरांत आयरिश वारशाचा उत्सव होतो. हिरव्या टोप्या, दाढीवाला बुटका लेप्रेकॉन आणि बिअरचे पेले ही त्याची चिन्हे. आयरिश म्हणजे पिणारा, भांडखोर व गमत्या, असे समीकरण त्या दिवशी कौतुकाने मिरविले जाते. हे समीकरण कौतुकातून जन्मलेले नाही. 1845 ते 1852 च्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे 10 लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. ती परदेशी बंदरांत उतरली तेव्हा लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात जॉन टेनिएलसारखे चित्रकार आयरिश माणसाला वानराचा जबडा देत होते. अमेरिकेत थॉमस नास्टने 1871 साली त्याला दारूगोळ्याच्या पिंपावर बसविले व हाती बाटली दिली. पुढे वानराचा जबडा गेला, बाटली मात्र हातातच राहिली, आणि आता तिला वारसा म्हणतात. खुद्द आयर्लंडात 1927 च्या कायद्याने या सणादिवशी मद्यगृहे बंद ठेवण्यात येत, आणि तो निर्बंध कित्येक दशके टिकला, हे सांगितले तर उत्सवकर्त्यांपैकी पुष्कळांना खरे वाटत नाही. आणखी एक खेदाची गोष्ट अशी की, त्याच शतकात अमेरिकेत तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीय गुलामांची नक्कल करणाऱ्या नटांमध्ये आयरिश वंशाचेही पुष्कळ होते. अपमान सोसलेला मनुष्य दुसऱ्याच्या अपमानात सामील होणार नाही, असे मानण्यास आधार नाही. तिसऱ्या रांगेत हसणाऱ्या मुलांचे नवल वाटू नये ते यामुळे.

ज्या संताच्या नावाने हे चालते त्याचे लेखन आपल्यापर्यंत आलेले आहे. पॅट्रिक हा मूळचा ब्रिटनचा. पोरवयात त्याला धरून आयर्लंडात गुलाम म्हणून विकले गेले, सहा वर्षे त्याने गुरे राखली, पळून घर गाठले आणि पुढे बिशप होऊन त्याच लोकांत परत गेला. कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या सैनिकांनी नुकताच बाप्तिस्मा झालेल्या आयरिश ख्रिस्ती जनांपैकी काहींना ठार केले व काहींना गुलाम म्हणून नेले, तेव्हा त्याने एक संतप्त पत्र लिहिले. आम्ही आयरिश आहोत म्हणून ते आम्हांला तुच्छ लेखतात, अशी त्यात तक्रार आहे. हे सैनिक आयरिश नव्हते, तसा जन्माने पॅट्रिकही नव्हता. परंतु तेथे तो ‘ते आयरिश’ असे म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणतो.

आपल्याकडे परत येऊ. 9 ऑगस्टचा विश्व आदिवासी दिन संयुक्त राष्ट्रसंघाने 1994 साली ठरविला. बिरसा मुंडांच्या जन्मदिनी, 15 नोव्हेंबरला, जनजातीय गौरव दिवस 2021 पासून साजरा होतो. गोंड व बैगा तरुण हे दिवस स्वतः पुढाकाराने साजरे करतात तेव्हा राणी दुर्गावतीचे व शंकर शहा-रघुनाथ शहांचे स्मरण होते, वनहक्कांचे प्रश्न बोलले जातात. तेथे या लेखाची टीका लागू नाही. ती लागू आहे पाहुण्यांच्या स्वागतासाठी उन्हात उभ्या केलेल्या नर्तकांच्या रांगेला. ती लागू आहे कान्हाच्या मुक्की प्रवेशद्वाराजवळील पर्यटक निवासांना, जेथे संध्याकाळच्या करमणुकीत बैगा नाचतात. त्याच अरण्यातून 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून गावे उठविण्यात आली आणि त्यांत बैगांची घरेही होती. नाचणाऱ्याला मोबदला मिळतो, तो त्याला हवाही असतो, म्हणून नाचणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. प्रश्न इतकाच की, नाच संपल्यावर तो काही बोलू लागला तर पाहुणा बसून राहतो काय?

मोहाच्या दारूचेही असेच. 2021 साली मध्य प्रदेश शासनाने तिला ‘हेरिटेज’ मद्य म्हणून विक्रीस आणण्याचे धोरण जाहीर केले. आदिवासी बचतगटांना उत्पन्न मिळावे हा हेतू चांगला आहे. तथापि मोहाची फुले खातात, बियांचे तेल काढतात, ते झाड वर्षभर घर चालविते. त्या सर्वांतून वारसा म्हणून नेमकी बाटलीच पुढे यावी, हे वाचून आयर्लंडची आठवण होते.

निंदेपेक्षा स्तुतीतला पूर्वग्रह ओळखणे कठीण असते. ‘आदिवासी भोळा असतो, निष्पाप असतो, निसर्गाचे लेकरू असतो’ ही वाक्ये आपल्या व्यासपीठांवरूनही ऐकू येतात. भोळ्या माणसाला हिशेब विचारता येत नाही, निसर्गाच्या लेकराला जमिनीचा पट्टा लागत नाही! गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. 2011 च्या जनगणनेनुसार ती सुमारे 30 लाख लोक बोलतात. निसर्गाच्या लेकराला व्याकरण असते हे मात्र आपल्या बोलण्यात कधी येत नाही.

येथे ख्रिस्ती मंडळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथ 1916 साली निघाला. त्यातील बैगांवरील प्रकरण बऱ्याच अंशी बैहरचे मिशनरी जे. लॅम्पार्ड यांच्या निबंधावर आधारलेले आहे. निबंध परिश्रमाचा असणार यात शंका नाही. परंतु एका समाजाचा स्वभाव काही परिच्छेदांत ठरवून टाकण्याच्या त्या पद्धतीत आपलाही हातभार लागला. त्याच्या उलट टोकाला व्हेरियर एल्विन. 1927 साली अँग्लिकन पाळक म्हणून ते भारतात आले, पुढे चर्चपासून दूर झाले, आणि 1939 साली बैगांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रेम त्यांच्याइतके थोड्यांनीच केले. पण बैगांसाठी राखीव प्रदेशाची त्यांनी केलेली सूचना समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांना पटली नाही, आणि 1943 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी तिला कडक उत्तर दिले. या साऱ्या वादात स्वतः बैगाचे म्हणणे छापून आलेले फारसे आढळत नाही.

पवित्र शास्त्र या प्रश्नात आपल्याला सोपी सुटका देत नाही. नासरेथातून काही उत्तम निघेल काय, ही नथनेलाची शंका प्रत्यक्ष भेटीने मिटली, हे आपण आवडीने सांगतो. परंतु तीताला लिहिलेल्या पत्रात (1:12-13) क्रेतीय लोक लबाड, पशुवत् व आळशी खादाड असल्याचे वचन येते आणि ही साक्ष खरी आहे असेही म्हटले जाते. तेथे भाष्यकार अडखळतात, आणि अडखळावेच. ते वचन क्रेतीयांच्याच एका कवीचे आहे, हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. स्वतःच्या घराविषयी केलेली कोटी शेजाऱ्याने पाटीवर लिहून दारावर लावली की ती कोटी राहत नाही. मात्र त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात तीताला नगरोनगरी वडील नेमण्यास सांगितले आहे. ते वडील नेमावयाचे होते त्याच क्रेतीयांतून, आणि निर्दोष असावेत अशी अट घालून. प्रेषितांची कृत्ये 2:11 मध्ये तर पेन्टेकॉस्टच्या दिवशी देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकणाऱ्यांच्या यादीत क्रेतीयांचे नाव आहे.

कार्यक्रम संपल्यावर चहा झाला. शिक्षकांनी अभिप्राय विचारला आणि प्रस्तुत लेखकाने ‘मुलांनी फार मेहनत घेतली’ असे उत्तर दिले. तो मान खाली घातलेला मुलगा त्या वेळी सतरंज्या गोळा करीत होता. त्याच्या गावी करमा केव्हा होतो आणि मांदर कोण वाजवितो, हे त्याला विचारता आले असते. ते विचारले नाही.