स्कायरिम, तीनशे मॉड आणि शेवटचा शब्द कुणाचा

मॉड मॅनेजर कोणता घेऊ, असं स्कायरिम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, पाच सेकंदांत उत्तर येतं. 'मॉड ऑर्गनायझर २. विषय संपला.' शेजारचा म्हणतो, 'व्होर्टेक्स घे, डोक्याला ताप नाही.' मग दोघांची जुंपते. कोणता दिसायला बरा, कोणता सोपा, कोणता हँग होतो यावर तासभर बोलणं होतं आणि मुद्दा राहूनच जातो. माझ्या मते हे दोन प्रोग्रॅम भांडणाकडे दोन वेगळ्या नजरांनी बघतात. तुम्ही कोणता निवडता यावर तुमचा गेम तुम्हाला किती कळेल हे ठरतं.

भांडण कसलं, ते आधी सांगतो. स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ ला आला, त्याची स्पेशल एडिशन २०१६ मध्ये आली, आणि अजूनही लोक त्यासाठी मॉड बनवतात. बहुतेक सगळे फुकट. कुणी गावातल्या भिंतींचे दगड नव्यानं रंगवतो, कुणी झाडं बदलतो, कुणी दुकानदारांचे चेहरे. गेम या सगळ्या फाइल्स 'डेटा' नावाच्या फोल्डरमधून वाचतो. दोन मॉडमध्ये एकाच नावाची फाइल असेल तर त्यातली एकच चालते. दुसऱ्याची मेहनत तेवढ्यापुरती गायब. गेम एरर देत नाही, हूं की चूं करत नाही.

यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे काळा चेहरा. लिडिया समोर येते, अंग नेहमीसारखं आणि तोंड मात्र तव्याच्या बुडासारखं. कारण असं की माणसाच्या चेहऱ्याची माहिती दोन ठिकाणी असते. नाक केवढं, केस कुठले, हे प्लगिनमध्ये लिहिलेलं. आणि त्यावरून आधीच तयार केलेला चेहऱ्याचा साचा वेगळ्या फाइलमध्ये. प्लगिन एका मॉडचं जिंकलं आणि फाइल दुसऱ्या मॉडची जिंकली की दोन्हींचा मेळ बसत नाही. दोन्ही मॉड आपापल्या जागी निर्दोष असतात. चूक असते ती रांगेत.

म्हणजे रांगा दोन. एक फाइल्सची, एक प्लगिनची. दोन्हींत नियम एकच: जो शेवटी येतो तो जिंकतो. मॉड मॅनेजरचं खरं काम या दोन रांगा लावणं आणि त्या तुम्हाला दाखवणं. पहिलं काम सगळेच करतात. दुसऱ्यात फरक पडतो.

जुना नेक्सस मॉड मॅनेजर सुरुवातीच्या काळात फाइल्स सरळ डेटा फोल्डरमध्ये ओतायचा. टक्कर झाली की विचारायचा, 'जुनी फाइल बदलू?' चाळीस वेळा कोण वाचणार! माणूस 'सगळ्याला हो' दाबून मोकळा. नंतर क्रम बदलायचा म्हटलं की मॉड काढून पुन्हा घालायचा. आपण काय ठरवलं होतं याचा मागमूस कुठे राहायचा नाही.

मॉड ऑर्गनायझरनं यावर काढलेला तोडगा मला अजूनही, रोज सॉफ्टवेअर लिहीत असूनही, फार देखणा वाटतो. प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. डेटा फोल्डरला हातच लावला जात नाही. गेम मॅनेजरमधून सुरू केला की मॅनेजर गेम आणि विंडोजच्या मधे उभा राहतो. गेम म्हणतो, 'डेटामधली अमुक फाइल दे', आणि मॅनेजर यादीत सगळ्यात खाली असलेल्या मॉडची फाइल त्याच्या हातात ठेवतो. गेमला वाटतं सगळं एकाच फोल्डरमध्ये आहे. गेम बंद केला की डेटा फोल्डर विकत घेतला त्या दिवशी होता तसाच.

गंमत म्हणजे व्होर्टेक्सही त्याच माणसानं सुरू केला. मॉड ऑर्गनायझरचा कर्ता, 'टॅनिन' या नावानं ओळखला जाणारा, २०१६ मध्ये नेक्ससकडे गेला आणि नवा मॅनेजर बांधायला बसला. ऑर्गनायझर मग समूहानं सांभाळला. व्होर्टेक्स फाइल्सच्या हार्डलिंक बनवतो, म्हणजे डिस्कवरच्या त्याच मजकुराला डेटा फोल्डरमध्ये दुसरं नाव देतो. कॉपी होत नाही, जागा जात नाही. फक्त मॉड ठेवायचा फोल्डर गेमच्याच ड्राइव्हवर असावा लागतो. बटण दाबलं की सगळ्या लिंक पुसल्याही जातात. तांत्रिकदृष्ट्या यात खोट काढण्यासारखं फारसं नाही.

माझी तक्रार भांडण मिटवायच्या पद्धतीबद्दल आहे. व्होर्टेक्समध्ये फाइल्सची रांग ओढून लावता येत नाही, तिथे नियम असतात. या दोन मॉडची टक्कर होतेय, कोण नंतर येऊ दे? तुम्ही सांगता, 'हा त्याच्यानंतर.' असं जोडी-जोडीनं ठरवत जायचं. प्लगिनची रांग लूट नावाचा प्रोग्रॅम आपल्याजवळच्या मोठ्या यादीवरून लावतो. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पन्नास मॉडपर्यंत तसं आहेही. प्रोग्रॅमर म्हणून मला तर हे आवडायलाच हवं, कारण नियम हे क्रमांकांपेक्षा जास्त नेमके असतात. क्रमांक एवढंच सांगतो की हा एकशेदहावा आहे. नियम सांगतो की हा कुणानंतर आहे.

पण तीनशे मॉडवर गेल्यावर नियमांचं जाळं होतं. 'क' हा 'ख'नंतर, 'ख' हा 'ग'नंतर, आणि मार्चमध्ये कधीतरी तुम्ही सांगून बसलात की 'ग' हा 'क'नंतर. व्होर्टेक्स म्हणतो, वर्तुळ झालंय, सोडवा. ते सोडवायला अख्खं चित्र डोळ्यांसमोर हवं. हा प्रोग्रॅम मुळात ते दाखवायला बांधलेलाच नाही, तुम्हाला ते बघायला लागू नये म्हणून बांधलाय. लिडियाचं तोंड काळं झालं की फाइल्सचे नियम एका पानावर शोधा, प्लगिनची रांग दुसऱ्या पानावर. पहिलं तुम्ही ठरवलेलं, दुसरं लूटनं. ऑर्गनायझरमध्ये दोन्ही रांगा एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी असतात. डावीकडे मॉडवर क्लिक केलं की उजवीकडे त्याचं प्लगिन रंगानं उठून दिसतं. एक वर आहे आणि एक खाली, हे नुसत्या नजरेला कळतं.

मराठीत मॉडला जवळचा शब्द आहे, क्षेपक. जुन्या पोथीत मागाहून कुणीतरी घातलेला मजकूर. हा शब्द बहुतेक वेळा शिवीसारखा वापरला जातो, पण पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा असा मजकूर फेकून दिला नाही. पानावर वर ठरवलेली संहिता, खाली पाठभेद, कुठल्या पोथीत काय आहे त्याच्या खुणांसकट. संपादकांनी काय निवडलं ते दिसतं आणि काय सोडलं तेही दिसतं, म्हणून त्यांच्याशी भांडता येतं. ऑर्गनायझरची डावी रांग मला त्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागासारखी वाटते. हरलेली फाइल कुठे आहे, कुणामुळे हरली, सगळं तिथे लिहिलेलं.

हे सगळं फक्त खेळणाऱ्याच्या सोयीचं असतं तर एवढं लिहिलं नसतं. २०२१ मध्ये नेक्ससनं 'कलेक्शन्स' जाहीर केली: कुणीतरी लावलेली अख्खी यादी, रांग आणि नियमांसकट, व्होर्टेक्समधून उतरवायची. अशी यादी टिकायची तर तिच्यातला एकही मॉड नाहीसा होता कामा नये. म्हणून नेक्ससनं ठरवलं की यापुढे लेखकाला आपली फाइल कायमची पुसता येणार नाही, फक्त कपाटात ठेवता येईल. ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांना ५ ऑगस्टपर्यंतची मुदत दिली. काही नावाजलेले मॉडकर्ते सगळं उचलून निघून गेले.

आमच्या धंद्यात हे २०१६ मध्ये होऊन गेलं होतं. एका प्रोग्रॅमरनं चिडून आपली 'लेफ्ट-पॅड' ही अकरा ओळींची लायब्ररी एनपीएमवरून काढली, आणि तिच्यावर अवलंबून असलेले असंख्य प्रोजेक्ट बिल्ड होईनात. एनपीएमनं ती परत ठेवली आणि पुसण्याचे नियम कडक केले. तेव्हा मला एनपीएमचं बरोबर वाटलं होतं, आजही वाटतं. नेक्ससबद्दल तसं ठामपणे म्हणवत नाही. लायब्ररी लिहिणारा मुळात मोकळा परवाना देऊन मोकळा झालेला असतो. मॉड करणाऱ्याला पैसे नाहीत, बहुतेकदा तसा परवानाही नाही. त्याच्या हातात 'माझं मी परत नेतो' एवढंच होतं. यादीच्या सोयीसाठी तेच काढून घेतलं गेलं.

यात एक उलटी गोष्ट घडते, ती मला फार आवडते. पैसे भरलेल्या सदस्याला कलेक्शन एका बटणात उतरवता येतं. फुकट्या सदस्याला प्रत्येक मॉडच्या पानावर जाऊन डाउनलोड दाबावं लागतं. तीनशे मॉड, तीनशे पानं. आमच्या हॉस्टेलवर सगळे या दुसऱ्या जातीचे. वायफाय कासवाच्या चालीनं चालायचं, मग त्या पानांवर लेखकानं काय लिहिलंय ते वाचण्यावाचून करायला दुसरं काही नसायचं. हा मॉड त्या मॉडसोबत वापरू नका, हा त्याच्या खाली ठेवा, आणि मधेच कुठेतरी, हे झाड बनवायला इतके महिने लागले. पैसे भरणाऱ्याला हे झाड कुणाचं ते कळतही नाही.

वाबाजॅक हा त्याचाच थोरला भाऊ. तो कुणाच्या फाइल्स स्वतः वाटत नाही, प्रत्येक मॉड त्याच्या मूळ जागेवरून आणतो, बरोबर तीच फाइल आहे का तपासतो आणि यादी करणाऱ्याचा अख्खा ऑर्गनायझर तुमच्या डिस्कवर जसाच्या तसा उभा करतो. हजारावर मॉडच्या याद्या असतात. काम अफाट आहे. पण बऱ्याच यादीकर्त्यांची अट असते की तुम्ही काहीही बदललंत तर मदत मागायला येऊ नका. त्यांची बाजू मला पटते, एक मॉड घुसवला की काय कोसळेल याचा नेम नसतो. तरी तो ऑर्गनायझर उघडून बसलं की दुसऱ्याच्या घरात पाहुणा असल्यासारखं वाटतं. सगळं दिसतं, हात कशाला लावायचा नाही.

वीस-तीस मॉड घालून एकदा गेम संपवायचा असेल, किंवा स्कायरिमऐवजी भलताच गेम असेल, तर व्होर्टेक्स खुशाल घ्या. कितीतरी गेम तो चालवतो, ऑर्गनायझरचा जीव मुख्यतः बेथेस्डाच्या गेममध्ये. आणि ऑर्गनायझरलाही खोडी आहेत. बाहेरच्या टूलनं बनवलेल्या नव्या फाइल्स तो 'ओव्हरराइट' नावाच्या अडगळीत टाकतो, आणि ती अडगळ यादीत सगळ्यांच्या वरचढ असते. मुख्य म्हणजे प्लगिनच्या पोटातली भांडणं त्यालाही दिसत नाहीत. दोन प्लगिन एकाच तलवारीची किंमत आणि वजन बदलत असतील, एकाची किंमत आणि दुसऱ्याचं वजन घ्यायचं असेल, तर रांग कितीही खालीवर करा, उपयोग नाही. त्यासाठी एक्सएडिट उघडावं लागतं. तिथे प्रत्येक प्लगिनला एक उभा रकाना असतो, पहिला मूळ गेमचा, टक्कर असलेल्या ओळी लाल. सगळ्यात उजवीकडचा रकाना जिंकतो. तो जिंकू द्यायचा नसेल तर त्याच्याही उजवीकडे आपला एक रकाना जोडायचा आणि तलवारीची एकेक ओळ ओढून त्यात आणायची.