मृदसंधारण धोरणाची परिणामकारकता : निमगाव केतकी परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

बारामती-इंदापूर रस्त्यावरील निमगाव केतकी हे गाव पानमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. हा परिसर अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतो. येथे माळाच्या उथळ, मुरमाड जमिनीवरील माती पावसाच्या मोजक्या सरींत वाहून जाते, तर बागायती सखल जमिनी अतिपाण्याने चोपण होतात. जमिनीच्या ऱ्हासाच्या या दोन परस्परविरुद्ध प्रकारांना एकच धोरण पुरे पडते काय, हा येथील मूळ प्रश्न आहे.

बांधबंदिस्तीचे धोरण

मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम १९४२ मध्ये झाला आणि बांधबंदिस्तीला कायदेशीर अधिष्ठान मिळाले. उथळ व मध्यम जमिनीत समपातळी बांध उपयुक्त ठरले. परंतु खोल काळ्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग कमी असल्याने बांधालगत पाणी साचून बांध फुटू लागले. तेथे ढाळीचे बांध व पाण्याला सुरक्षित वाट देणे आवश्यक होते. शिवाय समपातळी रेषा शेताची हद्द ओळखत नाही. बांध आपल्या शेताचे तुकडे पाडतो, असे शेतकऱ्याला वाटले, तर तो त्याची निगा राखत नाही.

१९७२ च्या दुष्काळात बांधबंदिस्तीची कामे रोजगाराचे साधन झाली. त्यामुळे असंख्य कुटुंबे तगली, हे मान्य करावेच लागेल. मात्र कामाचे यश मजुरीचे दिवस आणि बांधाची लांबी यांवर मोजण्याची सवय प्रशासनाला जडली. माती किती टिकली, हा प्रश्न मागे पडला. १९८३ च्या सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रमाने ‘माथा ते पायथा’ हे शास्त्रीय सूत्र स्वीकारले. तथापि, डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण व रुंदीकरणाची कामेच अधिक गाजली. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०२० च्या अहवालात या अभियानाच्या परिणामकारकतेवर प्रतिकूल अभिप्राय नोंदविला. माथ्यावरील माती उघडी ठेवून पायथ्याशी नाला खोदला, तर तो पुन्हा गाळानेच भरणार.

दुर्लक्षित बाजू : खारवट जमिनी

नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहू लागला. अवघ्या २५ वर्षांनी, १९१० मध्ये, डॉ. हॅरॉल्ड मान व व्ही. ए. ताम्हणे यांची नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील पुस्तिका मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केली. म्हणजे धोक्याची सूचना शतकापूर्वीच मिळाली होती. तरीही उसाला मोकाट पाणी देण्याची पद्धत दीर्घकाळ टिकली. पानवेलीला ओलावा हवा असतो, पण साचलेले पाणी तिला सोसत नाही. निचरा बिघडला की अशा पिकाचा आधार प्रथम तुटतो. चर काढणे, भूमिगत निचरा, जिप्सम, धैंचा हे उपाय परिचित आहेत. परंतु चर अनेकांच्या शेतांतून जातो. एकाने तो बुजविला की वरच्या शेतकऱ्याचे श्रम वाया जातात. उपाय सामूहिक आणि जबाबदारी मात्र वैयक्तिक, असा हा पेच आहे. त्यातच कालवा जलसंपदा विभागाकडे, बांध मृद व जलसंधारण विभागाकडे आणि माती परीक्षण कृषी विभागाकडे, अशी विभागणी आहे.

निष्कर्ष

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, विद्युत वाहकता व सेंद्रिय कर्ब यांसह १२ घटकांची नोंद होते. या नोंदी खतांच्या शिफारशीपुरत्या न ठेवता त्याच शेतांत ठराविक वर्षांनी तपासून धोरणाचे मूल्यमापन केल्यास बांधाच्या लांबीपेक्षा विश्वासार्ह निकष हाती येईल. बारामतीजवळील माळेगाव येथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेमुळे अशा अभ्यासाला स्थानिक शास्त्रीय आधारही उपलब्ध आहे. माळावर माती अडविणे आणि बागायतीत पाण्याला वाट देणे ही एकाच संधारणाची दोन अंगे होत. त्यांपैकी एकच अंग जपणारे धोरण खर्चाच्या हिशेबात पूर्ण दिसेल. जमिनीच्या हिशेबात ते अपुरेच राहील.