बलुते आणि सातबारा

दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्यावर पुष्कळ लिहिले गेले आणि त्या लेखनात वेदना, विद्रोह आणि नकार हे तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात. शब्द खोटे नाहीत. परंतु मध्यंतरी वर्गात हे पुस्तक शिकवीत असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ह्यांच्या नावावर जमीन किती होती?” तिची आई उसात खुरपायला जाते. मला चटकन उत्तर देता आले नाही. घरी येऊन समीक्षेची पुस्तके चाळली. तेथेही हा प्रश्न कुणी विचारलेला मला आढळला नाही. खुरपणाऱ्या बाईच्या मुलीला जे सुचले ते आम्हा समीक्षा लिहिणाऱ्यांना का सुचू नये, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे.

आमचे कोल्हार प्रवरेच्या काठी. दया पवारांचे धामणगाव याच नदीच्या खोऱ्यात, वरच्या अंगाला, अकोले तालुक्यात. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, कालवे आले, ऊस आला. 1950-51 साली शेजारीच लोणीला सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम झाला. शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना उभा करावा ही मोठी घटना होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण ऊस-उत्पादक सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला पाणी लागते आणि पाणी द्यायला जमीन लागते. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याची जमीन पाण्याने सोन्याची झाली. ज्याच्या नावावर नव्हता त्याला काम मिळाले. एकाच पाण्याने एकाला मालमत्ता दिली आणि दुसऱ्याला मजुरी.

‘बलुतं’ या नावाचा अर्थ इथे लागतो. बलुते म्हणजे वर्षभर गावकीची कामे केल्यावर सुगीत खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. तो प्रत्यक्ष पदरात किती पडायचा हे देणाऱ्याच्या मर्जीवर. महारांच्या बावन्न हक्कांची कथा आपण सगळेच ऐकत आलो. पण जे मागितल्यावाचून मिळत नाही आणि नाकारले तर ज्याची दाद नाही, त्याला हक्क म्हणणे ही भाषेची थट्टा आहे. बलुते हे उत्पन्न होते, मालमत्ता नव्हे. मालमत्ता पुढच्या पिढीला जाते. बलुत्यातून पुढच्या पिढीकडे गेले ते फक्त काम.

वतनाची जमीन होती ना, असे कुणी विचारील. होती, पण ती राबणुकीला बांधलेली होती. तो बांध तोडण्यासाठीच बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले. आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमीन परत मिळाली, परंतु नव्या अविभाज्य शर्तीवर; म्हणजे कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता येणार नाही. या शर्तीने काही जमिनी वाचल्याही असतील. तरी मालकी मिळाली ती सरकारच्या देखरेखीखालची.

आता साहित्याकडे येतो. आपल्या आत्मकथनांनी भुकेचे वर्णन जितके नेमके केले तितके मराठीत पूर्वी कुणी केले नव्हते. पण वाड्याचे वर्णन आपण दारात उभे राहून केले. पाटील क्रूर होता की दयाळू, एवढेच आपण लिहिले. त्याच्याकडे ते आले कसे आणि पुढे कुणाकडे गेले, हे लिहिले नाही. प्रस्थापित ग्रामीण साहित्याची गत वेगळी नाही. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (1971) ट्रॅक्टर येतो, जनावरे जातात आणि गडी नारबा उपरा होतो. वाचकाचे डोळे बैलांसाठी पाणावतात. ज्या मळ्यावर नारबाने जीव लावला त्यातली वीतभरही जमीन त्याची नाही, ही खरी शोकांतिका समीक्षकाच्या नजरेतून निसटते.

धोरणांचेही असेच झाले. 1977 च्या रोजगार हमी कायद्याने मजुरी दिली. त्याचे मोल मी जाणतो, कारण त्या कामांवरच्या घमेल्यांनी आमच्यासारखी घरे जगली. पण मालमत्तेला हात घातला तो 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने. आमच्या जिल्ह्यात साखर कंपन्यांचे मोठे मळे सरकारकडे आले आणि 1963 साली शेती महामंडळ स्थापन झाले. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी शेती हा सरकारी उद्योग व्हावा असे मांडले होते, म्हणून महामंडळाच्या अपयशाकडे बोट दाखवून त्यांची योजना फसली असे सांगणारे लोक भेटतात. हे चूक आहे. बाबासाहेबांच्या योजनेत जमीन गावातल्या कुटुंबांना जातिभेद न करता सामुदायिक कसणुकीसाठी मिळायची होती आणि देणी भागवून उरलेल्या उत्पन्नात त्यांचा वाटा होता. महामंडळाने मालक बदलला. मजूर मजूरच राहिला. पुढे 2012 च्या सुमारास जमिनी परत देणे सुरू झाले, तेव्हा त्या ज्यांनी कंपन्यांना खंडाने दिल्या होत्या त्यांच्या वारसांना मिळाल्या. खंडकऱ्यांची मागणी न्याय्य होती. पण मळ्यात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्याच्या घामाला वारसा नसतो, हेही त्यातून सिद्ध झाले.

वारसा, हाच कळीचा शब्द आहे. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याचा पगार माझ्याइतकाच. त्याचा पगार शिल्लक राहतो, कारण मागे बागायती जमीन आहे. माझ्या पगारातून भावाची फी, बहिणीचे बाळंतपण आणि आईचे औषध जाते. आरक्षणाने आम्हांला पगारात समान केले. मालमत्तेत केले नाही.

वारशावर बसणारा मृत्युकर देशात 1953 साली आला आणि 1985 साली गेला. 1957 चा संपत्तीकर 2015 साली रद्द झाला. उत्पन्न फार येत नाही, हे कारण दिले गेले. पण कंपन्यांचे समभाग 1993 पासून त्यातून वगळलेले होते. धनाढ्य जिथे पैसा ठेवतो तेच वगळायचे आणि मग कर निरुपयोगी म्हणायचे! 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पिकेटी आदी अभ्यासकांच्या निबंधानुसार 2022-23 साली देशाच्या संपत्तीतला 40.1 टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. त्याच वर्षी त्यांच्या गटाने दहा कोटींवरच्या संपत्तीवर वर्षाला दोन टक्के आणि तेवढ्याच मर्यादेवरील वारशावर 33 टक्के कर सुचवला. यावर अर्थशास्त्राची मासिके बोलली. आपली साहित्यपत्रे बोलली नाहीत. जात ही जन्माने मिळते म्हणून आपण तिच्याशी भांडतो. संपत्तीही जन्माने मिळते तेव्हा मात्र तो आपला विषय नाही असे समजतो. वास्तविक या दोन गोष्टी एकाच दारातून घरात येतात.

साहित्य म्हणजे तलाठ्याचे दप्तर नव्हे, असा आक्षेप येईल. मान्य. पण दप्तरात काय लिहिले आहे यावर ज्यांचे आयुष्य ठरले, त्यांच्या साहित्याला दप्तर उघडावेच लागेल. यापुढच्या आत्मकथनात भाकरीबरोबर सातबाराही यावा. आणि समीक्षकाने पुस्तक मिटण्यापूर्वी त्या मुलीचा प्रश्न एकदा तरी विचारावा.