वाड्याची दारे

माहूरहून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातील पारवा हे श्री. महेश एलकुंचवार यांचे जन्मगाव. त्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (1985) ह्या नाटकातील धरणगावकर देशपांड्यांचा वाडा म्हणूनच आम्हां मराठवाड्यातील वाचकांस परका वाटत नाही.

ह्या नाटकाचा विचार करताना एका घराण्याच्या ऱ्हासाबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वाडा ढासळतो ह्यापेक्षा तो वाटून घेता येत नाही, हेच आमच्या मते त्यातील खरे दुःख होय. वडिलांच्या तेराव्यास पैसा नाही, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. तरीही घराण्याचा डौल सुटत नाही. शिक्षण खुंटलेली प्रभा आणि दिवसभर राबणारा चंदू ह्यांस एवढ्या थोरल्या वास्तूत आपले म्हणावे असे एक दार नाही.

प्रभेची कोंडी केवळ मनाची नव्हे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 23 व्या कलमान्वये, पुरुष वारस वाटणीस तयार होईपर्यंत स्त्रीवारसास कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. अविवाहित कन्येस तेथे राहण्याचा हक्क तेवढा असे. हे कलम 2005 साली गेले.

एका घराच्या जागी अनेक घरे, हा प्रश्न अन्यत्रही आहे. अमेरिकेतील मिनियापोलिस नगराने 2018 साली आराखडा मंजूर करून, एका कुटुंबासाठी राखलेल्या भूखंडांवर तीन घरांपर्यंत मुभा दिली. तेथे अडसर नियमाचा होता. महाराष्ट्राची 2020 ची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली नगरपंचायतींच्या गावांसही लागू आहे. निवासी भूखंडावर एकच कुटुंब असावे, असा दंडक ती घालीत नाही. आपल्याकडील अडसर प्रतिष्ठेचा आहे. वाटणी म्हणजे फाटाफूट, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे.

ही समजूत माणसांस कशी गिळते, हे नाटककाराने निर्भीडपणे दाखविले, ह्यात त्याचा थोरपणा आहे. उणे एवढेच की, वाड्यापुढे त्याने अखंड राहणे किंवा मोडून पडणे ह्या दोनच वाटा ठेविल्या. एकाच जोत्यावर तीन चुली, तीन दारे आणि मधे सामाईक अंगण, ही तिसरी वाट सामान्य कुटुंबे मधे भिंत घालून काढीतच आली आहेत. प्रभेस वाडा मिळावयास नको होता. दोन खोल्या आणि आतून लावता येईल अशी एक कडी पुरे होती.